शारजात शिवतो तो मुलगा मोजायचा कुठे?

सोलापूरच्या पूर्व भागात एका घरात तीन कमावती माणसं आहेत. आई विड्या वळते. वडील अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या मागावर आहेत. थोरला मुलगा शारजात युनिफॉर्म शिवतो. समाजशास्त्राच्या एम.ए.ला असलेल्या माझ्या एका विद्यार्थिनीने प्रबंधासाठी हे घर निवडलं. तिचा प्रश्न दिसायला सोपा होता: विषमतेच्या शिडीवर हे घर कुठल्या पायरीवर बसतं? सोलापूरच्या शिडीवर, भारताच्या आणि जगाच्या? शिडी बदलली की पायरी बदलणार, हे अपेक्षितच होतं. अडचण भलतीच निघाली. तिन्ही शिड्यांवर थोरला मुलगा सापडतच नव्हता.

घर ओळखू येऊ नये म्हणून दोन-तीन घरांचे तपशील इथे एकात मिसळले आहेत आणि रकमा गोल केल्या आहेत. हिशेबाची रीत मात्र जशीच्या तशी ठेवली आहे.

पहिला आराखडा आणि त्यातली गोम

तिचा पहिला आराखडा असा होता: भारताचा जिनी गुणांक, म्हणजे विषमतेचं माप, घ्यायचा, संयुक्त अरब अमिरातीचा घ्यायचा, दोन्ही शेजारी मांडायचे, विषमता कुठे जास्त ते सांगायचं आणि पूर्व भागातलं घर उदाहरण म्हणून मधे बसवायचं. अशा आराखड्याला सहसा कुणी हरकत घेत नाही. मी घेतली, कारण जिनीवरून देशात एक वाद नुकताच होऊन गेला होता.

जुलै २०२५ मध्ये केंद्र सरकारच्या प्रसिद्धिपत्रकात भारत हा जगातला चौथ्या क्रमांकाचा समान समाज असल्याचं म्हटलं गेलं. आधार जागतिक बँकेचा होता: २०११-१२ मध्ये २८.८ असलेला भारताचा जिनी २०२२-२३ मध्ये २५.५ वर आला. (शून्य म्हणजे सगळ्यांकडे सारखं, शंभर म्हणजे सगळं एकाकडे.) आकडा खोटा नाही, पण तो घरखर्चाचा आहे. युरोप-अमेरिकेतल्या ज्या देशांना मागे टाकल्याचा आनंद झाला, त्यांचे आकडे उत्पन्नाचे आहेत. गरीब घर मिळवतं ते खर्चून टाकतं. श्रीमंत घराच्या मिळकतीतला मोठा हिस्सा खर्चाच्या यादीत येतच नाही. त्यामुळे खर्चातली दरी उत्पन्नातल्या दरीपेक्षा कमी भरते. बँकेच्या त्याच टिपणात पुढे जागतिक विषमता माहितीसाठ्याचा हवाला होता. त्यानुसार भारतातल्या उत्पन्नाचा जिनी २००४ मध्ये ५२ होता, तो २०२३ मध्ये ६२ झाला. प्रसिद्धिपत्रक लिहिणाऱ्याला तेवढं वाक्य दिसलं नसावं.

म्हणजे एकाच देशाचे २५.५ आणि ६२ असे दोन आकडे आहेत, आणि दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत. दोन देशांची तुलना करायची तर आधी दोन्हीकडे काय मोजलंय, खर्च की उत्पन्न, माणसागणिक की घरागणिक, हे विचारावं लागतं. विचारलं की तयार तक्त्यातल्या बऱ्याच रांगा गळून पडतात.

तरी ही झाली तांत्रिक बाजू, ती दुरुस्त करता येते. खरी गोम आणखी खाली आहे. अर्थतज्ज्ञ ब्रँको मिलानोविच यांनी जागतिक विषमता मोजण्याच्या तीन रीती वेगळ्या करून दाखवल्या. पहिलीत प्रत्येक देश एक माणूस धरायचा; चीन एक आणि मालदीवही एक. दुसरीत देशाच्या सरासरीला लोकसंख्येचं वजन द्यायचं, म्हणजे सगळे भारतीय भारताच्या सरासरीवर जगतात असं मानायचं. तिसरीत देश बाजूला ठेवून जगातली सगळी माणसं, आपापल्या खऱ्या उत्पन्नासह, एका रांगेत उभी करायची. तिसऱ्या रीतीतूनच पुढे त्यांनी हिशेब मांडला, की जगात कुणाचं उत्पन्न किती यातला अर्ध्याहून अधिक फरक माणूस कुठल्या देशात राहतो एवढ्यावरूनच सांगता येतो. शिक्षण, कष्ट आणि हुशारी या सगळ्यांनी मिळून उरलेल्या भागात काय ती भांडाभांडी करायची.

वर्गात हे सांगितलं की पोरं गप्प होतात. पण या विद्यार्थिनीने विचारलं, "सर, आमच्या गल्लीतला पोरगा शारजात राहतो आणि पैसा साखर पेठेत खर्च होतो. तो कुठल्या देशात राहतो म्हणायचं?" तिसरी रीतसुद्धा प्रत्येक माणसाला एकच देश देते. अँड्रियास विमर आणि नीना ग्लिक शिलर या अभ्यासकांनी २००२ मध्ये ज्याला पद्धतीतला राष्ट्रवाद म्हटलं तो हाच. समाज म्हणजे राष्ट्र, आणि राष्ट्राची हद्द हीच अभ्यासाची हद्द, हे गृहीत इतकं खोल बसलेलं असतं की त्याला कुणी गृहीत म्हणत नाही.

तिथे जुना आराखडा संपला. ठरलं असं, की देशापासून सुरुवात करायची नाही. घरापासून करायची, आणि घराचे धागे जिथवर जातात तिथवर मागे जायचं.

थोरला मुलगा नोंदीत का नाही

पाहणीतली कुटुंबाची व्याख्या पाहा: एकत्र राहणारी आणि एका चुलीवर जेवणारी माणसं. सहा महिन्यांपेक्षा जास्त काळ बाहेर असलेला त्या घरचा धरत नाहीत. व्याख्या चुकीची नाही. कुणाला दोनदा मोजू नये म्हणून ती तशीच असावी लागते. पण या घरात राष्ट्रीय पाहणीचा माणूस आला असता तर त्याने वडील म्हणजे नाना, आई म्हणजे अम्मा, बारावीतली मुलगी आणि नानांची आई अशी चार नावं लिहिली असती. थोरल्याचं नाव गाळलं असतं. त्याच्या पैशातून आलेला फ्रिज आणि मुलीच्या क्लासची फी मात्र खर्चात धरली असती. घर खर्चात वर चढलं असतं, आणि ते ज्याच्यामुळे चढलं त्याचा पत्ता कागदावर नसता.

मग शारजाच्या बाजूने तो सापडेल का? तो कंपनीच्या खोलीत सहा जणांबरोबर राहतो. अशा सामूहिक निवासांना बहुतेक देशांच्या कुटुंब-पाहण्या एक तर वगळतात किंवा वेगळं ठेवतात. ज्या देशात दहातली जवळपास नऊ माणसं परदेशी नागरिक आहेत, तिथे हे किरकोळ नव्हे.

तिसरी जागा म्हणजे आपल्या सरकारची परदेशी कामगारांची नोंद, ई-मायग्रेट. ती २०१४ पासून आहे. पण आखाती आणि इतर ठरावीक देशांत जाताना परवानगी लागते ती दहावी न झालेल्यांना. हा दहावी पास आहे, बारावीलाही बसला होता, त्यामुळे पासपोर्टवर तसा शिक्का नाही. दहावी पास झाला आणि नोंदीतून सुटला. नोंदीबरोबर जे थोडंफार संरक्षण येतं तेही सुटलं.

उरतं ते रिझर्व्ह बँकेचं खातं. २०२३-२४ च्या पाहणीनुसार परदेशातून घरी येणाऱ्या पैशात अमिरातीचा वाटा १९.२ टक्के, आणि पैसा घेणाऱ्या राज्यांत महाराष्ट्र पहिला, २०.५ टक्के, केरळ त्याच्या खाली. हे वाचून आमच्या विभागात एकाने लगेच सिद्धांत मांडला, की महाराष्ट्र आता केरळच्या वाटेने चाललाय. या घराच्या बाबतीत तो साफ लटका पडला. थोरला शारजाला गेला तो मुंबईमार्गे नव्हे, सिरसिल्लामार्गे. अम्माचं माहेर तेलंगणात सिरसिल्लाचं, तेही यंत्रमागांचंच गाव. तिथली आणि आजूबाजूच्या करीमनगर, निजामाबादची माणसं दोन-तीन पिढ्या आखातात जाताहेत. अम्माच्या मावसभावाचा मुलगा आधी गेला, त्याने जागा असल्याचं कळवलं. राज्याच्या रकान्यात हा पैसा महाराष्ट्राचा दिसेल, पण ज्या वाटेने तो आला ती वाट तेलंगणातली आहे.

एका पगाराचे चार आकडे

आता पगार. इथे आमचा सगळ्यात जास्त वेळ गेला, आणि माझ्या मते सगळ्या प्रकरणातला मौल्यवान भाग हाच आहे.

विद्यार्थिनी संध्याकाळी जायची. अम्मा सूप मांडीवर घेऊन बसलेली असायची. भिजवलेलं पान कात्रीने कापायचं, तंबाखूची चिमूट पसरायची, वळायचं, नखाने तोंड मोडायचं, दोरा गुंडाळायचा. पंचवीस विड्यांचा एक कट्टा. बोलणं चालू असलं तरी हात थांबत नाहीत, कारण मजुरी हजारावर आणि वाईट निघालेल्या विड्या छाट म्हणून वेगळ्या पडतात, त्यांचे पैसे नाहीत. "लिही की गं, मी सांगते," असं म्हणून तिने पहिला आकडा दिला: मुलाला १,२०० दिरहम पगार आहे.

त्याच घरात लग्नाची बोलणी चालू होती. सिरसिल्लाकडच्या मध्यस्थाला सांगितलेला आकडा होता महिना चाळीस हजार रुपये. नानांनी तो सांगताना विद्यार्थिनीकडे पाहिलं नाही, एवढंच ती टिपणात लिहून आली.

थोरल्याशी बोलणं बोटिम या अ‍ॅपवर व्हायचं, कारण तिकडे व्हॉट्सअ‍ॅपवरून कॉल लागत नाही. सुट्टीच्या दिवशी फोन यायचा आणि सगळं घर त्या सहा इंचांच्या पडद्यापुढे गोळा व्हायचं. फोन तो असा धरायचा की मागे नुसती भिंत दिसावी. बहिणीने एकदा विचारलं, "अन्ना, खोली दाखव की." तर नेट गेलं म्हणाला. पगाराचं तो घरच्यांसमोर कधीच बोलला नाही. नंतर विद्यार्थिनीला मेसेज करून सांगितलं, की ओव्हरटाइम धरून १,५०० पडतात. घरी ९०० पाठवतो. उरलेल्यात जेवण, फोन, आणि खोलीतल्या पोरांची भिशी. भिशीचं घरी माहीत नाही, कळवू नका.

आणि चौथा आकडा करारपत्रावरचा: मूळ पगार ९०० दिरहम. नोकरी सोडताना मिळणारी सेवा-रक्कम तिकडे मूळ पगारावर ठरते, म्हणजे कायद्याच्या दृष्टीने त्याची किंमत ९०० आहे.

यातला खरा आकडा कुठला, असा प्रश्न विद्यार्थिनीने आधी केला. चारही खरे आहेत, असं माझं मत होतं आणि आहे. ९०० हा मालकाशी असलेला संबंध आहे, १,५०० हे त्याचे बारा-बारा तास. १,२०० हे आईपासून राखलेलं अंतर, नाहीतर सगळंच घरात जाईल. आणि चाळीस हजार ही लग्नाच्या बाजारातली त्याची पत. सर्वेक्षणाच्या फॉर्ममध्ये रकाना एकच असतो, आणि ज्या देशात तो फॉर्म भरला जाईल त्या देशाला सोयीचा आकडा त्यात पडतो. दोन्हीकडे जाऊन विचारल्याशिवाय चौघांची भेट होत नाही.

जाण्याआधी तो सोलापुरातच एका गारमेंटमध्ये शर्ट शिवत होता, तुकड्यावर. सीझनमध्ये महिन्याला चौदा हजार सुटायचे. तिकडेही तसंच मशीन, तसाच शाळेचा शर्ट, कॉलर-कफ-प्लॅकेट तेच. हात तोच, कसब तेच, फक्त जागा बदलली. अर्थतज्ज्ञ मायकेल क्लेमेन्स आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये ४२ विकसनशील देशांतल्या कामगारांची अमेरिकेतल्या तशाच कामगारांशी तुलना केली आणि कामाच्या ठिकाणामुळे मिळणाऱ्या या जादा पैशाला स्थानाचं अधिमूल्य म्हटलं. इथे ते एकाच माणसाच्या बाबतीत उघड दिसतं. १,५०० दिरहम म्हणजे साधारण साडेचौतीस हजार रुपये, म्हणजे सोलापूरच्या जवळजवळ अडीचपट. पण सोलापुरात नऊ तास, तिकडे बारा. तासावर काढलं तर इकडे साठ रुपये, तिकडे एकशे दहा. अडीचपट उतरून दुपटीच्याही आत येते. बाकीचा फरक त्याने आपल्या झोपेतून भरून काढलाय.

शिवाय जाण्यासाठी एक लाख वीस हजार लागले. परवानाधारक एजंटाला जास्तीत जास्त तीस हजार आणि त्यावरचा कर एवढंच घेता येतं. पण इथे जो होता तो एजंट नव्हताच, ओळखीचा माणूस होता. अम्माचं सोनं गहाण पडलं. त्याचं व्याज सोलापुरात रुपयांत चालतं. पहिल्या वर्षी शारजातली कमाई घराकडे जात होती असं म्हणण्यापेक्षा सोनं ठेवून घेणाऱ्याकडे जात होती असं म्हणणं जास्त बरोबर.

दिरहमाला दोन किमती

जगाच्या शिडीवर माणूस बसवायचा तर त्याचं उत्पन्न क्रयशक्तीत बदलावं लागतं, म्हणजे त्या पैशात तिथे किती सामान येतं ते धरावं लागतं. दिरहम १९९७ पासून डॉलरला ३.६७२५ ने बांधलेला आहे. त्याने पाठवलेले ९०० दिरहम बाजारभावाने २४५ डॉलर होतात. तेच सोलापुरात २०,७०० रुपये होऊन येतात. देशोदेशीच्या किमती ताडून पाहणाऱ्या आंतरराष्ट्रीय तुलना कार्यक्रमाच्या २०१७ च्या फेरीनुसार भारतात एका आंतरराष्ट्रीय डॉलरएवढं, म्हणजे अमेरिकेत एका डॉलरला मिळतं तेवढं, सामान साधारण वीस-एकवीस रुपयांत मिळतं. म्हणजे घरी पोचलेला पैसा क्रयशक्तीत हजार डॉलरांच्या आसपास जातो. सीमा ओलांडल्याबरोबर चौपट. त्याच्या खिशात राहिलेल्या ६०० दिरहमांची मात्र दुप्पटही होत नाही, कारण ते शारजाच्या भावाने खर्च होतात.

मग त्याचं उत्पन्न किती? सगळं अमिरातीच्या भावाने धरलं तर तो जगाच्या शिडीवर खाली जातो. सगळं भारताच्या भावाने धरलं तर भलताच वर. पाठवलेलं भारताच्या आणि ठेवलेलं अमिरातीच्या भावाने धरावं, असं आम्ही ठरवलं. तयार माहितीसाठ्यांना हे करता येत नाही, कारण त्यांच्याकडे माणूस एका देशाचा असतो आणि खर्चाची फोड नसते. या घराला मात्र ही फोड रोज माहीत आहे. थोरला तिकडे चहा कमी पितो तो याच हिशेबाने.

हे नवं आहे असं वाटलं तर नानांच्या आईला विचारावं. ते घराणं मोगलाईतून, म्हणजे निजामाच्या मुलखातून आलं. आज आपण सहज म्हणतो, की पद्मशाली हा विणकर समाज तेलंगणातून सोलापूरला आला. पण तेव्हा तेलंगणा निजामाच्या राज्यात होतं आणि सोलापूर ब्रिटिश मुंबई इलाख्यात. १८७७ मध्ये सुरू झालेली जुनी गिरणी आणि तिच्या पाठोपाठ आलेल्या गिरण्या, पेठांमधले हातमाग, दुष्काळ, या सगळ्यांनी विणकर इकडे ओढले. हद्दीच्या पलीकडे आणि अलीकडे नाणी वेगळी होती. निजामाचा हाली रुपया आणि ब्रिटिशांचा कलदार. साधारण सात हाली म्हणजे सहा कलदार. सोलापुरात कलदारात मजुरी घेऊन हालीच्या मुलखात पैसे धाडणारा विणकर आणि दिरहमात मजुरी घेऊन रुपयांच्या मुलखात पैसे धाडणारा त्याचा पणतू, दोघांचं गणित एकच. म्हातारी सांगते, तिच्या सासऱ्याला गावाकडे लोक मान द्यायचे आणि इथे गिरणीच्या फाटकावर जॉबर, म्हणजे मुकादम, शिव्या द्यायचा.

१९४८ मध्ये हैदराबाद भारतात आलं, १९५६ मध्ये राज्यांची नवी रचना झाली, पुढे हाली चलनातून गेला. सीमा पुसली गेली आणि तिच्यावरून आलेली माणसं अभ्यासकांच्या भाषेत अंतर्गत स्थलांतरित झाली. सीमेपलीकडची विषमता हा विषय जागतिकीकरणानंतरचा, असं पाठ्यपुस्तकात येतं तेव्हा मला सोलापूरचा पूर्व भाग आठवतो. अख्खी वस्तीच सीमा ओलांडून वसलेली आहे.

घरातली बाकीची दोघं

अम्माची मजुरी तिघांत सगळ्यात कमी. पण कायद्याचे कागद सगळ्यात जास्त तिच्याकडेच आहेत. १९६६ च्या विडी आणि सिगार कामगार कायद्याने घरी बसून वळणारीलाही कामगार मानलं. तिच्याकडे कार्ड आहे, पीएफचा नंबर आहे, आणि विडी कामगारांच्या विडी घरकुल वसाहतीत ओळखीच्यांना मिळालेली घरं तिने डोळ्यांनी पाहिलीत. घरी काम करणाऱ्यांसाठीचा आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा १९९६ चा करार, क्रमांक १७७, भारताने अजून मान्य केलेला नाही. पण विडीपुरतं आपण त्याच्या तीस वर्षं आधीच पोचलो होतो. हे श्रेय सोलापुरातल्या लाल बावट्याच्या मोर्चांनाही जातं, फक्त कायदा करणाऱ्यांना नाही. थोरल्याकडे पैसा जास्त आणि कागद कमी. त्याचा राहण्याचा परवाना मालकाशी बांधलेला. उत्पन्नाच्या शिडीवर तो आईच्या वर आणि हक्काच्या शिडीवर खाली. दोन्हींची सरासरी काढायची कल्पना विद्यार्थिनीने मांडली होती, ती मी मोडून काढली. हक्कांना दिरहमात भाव नसतो.

नाना कुठेही गेले नाहीत, पण त्यांचा माल जातो. टॉवेलच्या मागावर दोन बीम असतात, एक जमिनीच्या, म्हणजे पायाच्या विणीच्या ताण्याचं आणि एक पाईलचं, म्हणजे वर उठणाऱ्या धाग्यांचं. पाईलचा ताण सैल सोडला की कापडावर फासे उठतात. जगाच्या व्यापारात या सुती फाशाच्या टॉवेलला ६३०२६० हा सांकेतांक आहे. २७ ऑगस्ट २०२५ पासून अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्के जादा शुल्क लावलं, तेव्हा पाकिस्तानवर १९ आणि बांगलादेशावर २० होतं. टॉवेलच्या धंद्यात सोलापूरला खरी स्पर्धा पाकिस्तानची. नानांच्या शेडमध्ये रात्रपाळी बंद झाली. मालक म्हणाला, माल बंदरात थांबलाय. त्या महिन्यांत घर थोरल्याच्या ९०० दिरहमांवर चाललं. म्हणजे घराची एक बाजू जगाच्या बाजारात आपटली तेव्हा त्याच घराच्या दुसऱ्या, त्याच बाजारातल्या बाजूने तोल सांभाळला. भारत आणि अमिरातीचे जिनी शेजारी ठेवून यातलं काहीच दिसलं नसतं.

खोलीतली शिडी

शारजाच्या शिवणखोलीत पाकिस्तानी कटर आहे, बांगलादेशी इस्त्रीवाले आहेत, ऑर्डर घेणारी फिलिपिनो मुलगी आहे. थोरल्याने सांगितलेली उतरंड पासपोर्टावरून लागते, आणि त्यामागे सरकारं आहेत. फिलिपिन्सने आपल्या घरकामगार बायकांसाठी महिना ४०० डॉलरची किमान रेघ २००६ च्या अखेरीस आखली. भारताने आखाती देशांसाठीचं शिफारशीचं किमान वेतन सप्टेंबर २०२० मध्ये उलट खाली आणलं, नोकऱ्या टिकाव्यात म्हणून. ओरड झाल्यावर पुढच्या वर्षी ते मागे घेतलं. परदेशातली मजुरी तिथला बाजारच ठरवतो, असं म्हणणाऱ्यांनी हा प्रसंग तपासून पाहावा.

खोलीत तो तळाला आहे. गल्लीत मात्र तो दुबईवाला आहे; शारजा म्हटलं तरी लोक दुबईच ऐकतात. बोरिस निस्वांड या अभ्यासकाने घानाहून जर्मनीत गेलेल्या स्थलांतरितांबद्दल याला प्रतिष्ठेचा विरोधाभास म्हटलंय: तिकडे पत घालवूनच इकडची पत कमावता येते. आमच्या प्रकरणात त्यात एक भर पडली. ही पत त्याच्या एकट्याची नाही. बहिणीच्या स्थळांची प्रत बदलली, नानांना किराणा दुकानात उधारी सहज मिळू लागली, आणि अम्माला, तिच्याच शब्दांत, "आता कारखान्यात छाट कमी काढतेत की, पोरगा बाहेर हाय म्हणून." त्या शेवटच्या गोष्टीवर माझा पूर्ण विश्वास नाही, पण ती तसं मानते हीसुद्धा माहितीच आहे.

तक्ता

प्रबंधात शेवटी जो तक्ता गेला त्यावर आमचं एकमत झालं नाही. विद्यार्थिनीने थोरल्याला दोनदा लिहिलं: सोलापूरच्या घरात एक ओळ आणि शारजाच्या खोलीत एक ओळ, आणि खाली बेरीज केली नाही. मी म्हटलं, ओळ एकच ठेव, रकाने दोन कर. दोनदा मोजणं हा संख्याशास्त्रातला पहिला गुन्हा. ती म्हणाली, "सर, त्याला दोन्हीकडे एकेक चूल आहे, आणि दोन्हीकडे त्याच्या पुढ्यात वेगळी माणसं बसलेली असतात. मी बेरीज करतच नाही, तर दोनदा मोजलं कसं?"

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी नेमकं त्यावरच बोट ठेवलं. एका घरावरून निष्कर्ष कसा काढला, हे त्यांनी आधी विचारलं. निष्कर्ष पूर्व भागाबद्दल नसून मोजणीच्या रीतीबद्दल आहे, हे उत्तर त्यांना पटलं. दोन ओळींचं पटलं नाही, तिथे गुण कापले. तिने तक्ता बदलला नाही. पुढच्या टप्प्यात तिला सिरसिल्लाची बाजू घ्यायची आहे, कारण शारजातली ती जागा आधी ज्याच्याकडे होती तो अम्माचा भाचा परत येऊन पुन्हा मागावर बसलाय, आणि परत आलेल्याची पायरी कुठली हे अजून कुणी विचारलेलं नाही. थोरल्याचा परवाना या वर्षअखेर संपतो. नवा करार करताना मूळ पगार ९०० चा १,१०० करून माग, बाकीचं मालक कसंही बसवील, एवढा सल्ला तिने त्याला मेसेजवर दिला आहे.